पाच वाजता खोलीत दोघे

भरत म्हेत्रेच्या घरात सहा स्पीकर होते. पाच गुणी होते, सहावा वांड. हा सहावा आईच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर बसवलेला. दिवसातून चार-पाच वेळा तो घरच्या नेटवर्कमधून गळायचा, तास-दोन तास त्याचा पत्ता नसायचा, आणि मग कोणी बोटही न लावता आपला आपण परत यायचा. स्वयंपाकघरात, माडीवर, दिवाणखान्यात एकच गाणं सुरळीत चाललेलं असायचं आणि आईच्या दारापाशी आलं की कापल्यासारखं थांबायचं.

भरत इचलकरंजीतल्या एका ऑटोलूम कारखान्यात सुपरवायझर होता. दीडशे मागांतला कोणता माग का थांबला, हे काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसून शोधायचं, हेच त्याचं काम. त्याचे वडील जुन्या यंत्रमागांवरचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशानं फरक पडला ते देवालाही कळत नाही, असं ते सांगायचे आणि भरतनं ते पाठ केलं होतं. अशा बापाच्या अशा लेकाला घरातलं एक वीतभर डबडं दाद देईना, हे त्याला फार लागलं. त्याची बायको वृषाली म्हणाली, कंपनीला फोन कर. पण आपल्या घरचा बिघाड परक्यानं येऊन सांगायचा, म्हणजे भरतला नाक कापल्यासारखंच वाटत होतं.

सोमवारी त्यानं राउटर बंद करून चालू केला. मंगळवारी शेजारच्या शिकवणीवर्गाच्या वाय-फायशी टक्कर होत असेल म्हणून चॅनेल बदललं. बुधवारी लोखंडी कपाट लहरी अडवतंय असं ठरवून ते भिंतीपासून हलवलं. त्यासाठी वृषालीला आतल्या सगळ्या साड्या आणि पितळी भांडी खाली काढावी लागली, आणि त्या दिवशी तिनं त्याच्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. गुरुवारी त्यानं शेवटचा डाव टाकला. स्वयंपाकघरातला स्पीकर आईच्या खोलीत नेला आणि आईच्या खोलीतला स्वयंपाकघरात. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. वांड स्पीकर स्वयंपाकघरात माणूस असेतोवर एकदाही गळला नाही, आणि जन्मात कधी न बिघडलेला स्पीकर आईच्या खोलीत जाऊन बिघडला. स्पीकर निर्दोष होता. दोष खोलीत होता.

खोलीत आई असायची. अनुसयाबाई, वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. कोपऱ्यात नवऱ्याची वेताची खुर्ची होती, तीत त्या सकाळपासून बसून असायच्या. चौदा महिन्यांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. लेक स्टूल घेऊन चढ-उतर करतोय ते त्या बघत होत्या. "राहू दे की रे," एवढंच म्हणाल्या. "मला काय करायचाय त्यो?"

नुसतं गाणं वाजवायचं असतं तर हा घोळ झालाच नसता. पण तोवर गावातल्या निम्म्या घरांत बसलेली 'घरभान' नावाची यंत्रणा भरतच्याही घरी होती. तिचे स्पीकर वाजायचे आणि बघायचेही. डोळे नव्हते, पण वाय-फायच्या लहरींवरून कोणत्या खोलीत किती माणसं आहेत ते त्यांना कळायचं. माणूस शिरला की दिवा, पंखा, गाणं सुरू. माणूस गेला की बंद. घर रिकामं झालं की गॅसची कळ फिरायची आणि पुढच्या दाराला कुलूप पडायचं. लोक खूश होते. पंखा चालू कोणी ठेवला, यावरून होणारी भांडणं मिटली होती.

शुक्रवारी भरतनं नाक मुठीत धरून कंपनीला फोन लावला. पलीकडे नसरीन मुजावर नावाची मुलगी होती. तिनं तिकडूनच त्याच्या यंत्रणेची नोंदवही उघडली, थोडा वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुमचा स्पीकर गळत नाही. तो स्वतःहून झोपतोय. खोलीत कोणी नाही असं दिसलं की झोपतो, कोणी आलं की उठतो. त्याचं बरोबर चाललंय."

खोलीत आई दिवसभर असते, भरत म्हणाला.

नसरीननं नोंदवही पुन्हा चाळली. मग तिनं विचारलं, तुम्ही माणसांचा नकाशा कधी उघडून बघितलाय का? भरतनं बघितला नव्हता. आपल्याच घरात कोण कुठे आहे याचा नकाशा कशाला लागतो, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात त्यानं तो मोबाइलवर उघडला. घराचा आराखडा, खोल्यांच्या चौकटी. माणूस असेल तिथे निळा ठिपका आणि ठिपक्याशेजारी मिनिटाला किती श्वास तो आकडा. एकही ठिपका नव्हता. वर लिहिलं होतं, घर रिकामं. भरतनं तिथूनच आईला फोन लावला. तिनं लगेच उचलला. कुठे आहेस म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठं असणार, खुर्चीत बसलेय. ती बोलत होती, खोकली, जेवलास का म्हणाली, आणि नकाशावरची तिची खोली पांढरी स्वच्छ राहिली.

त्यानं फोन ठेवला आणि कामाला लागला. पण लक्ष लागेना. पाच वाजता पाळी बदलते तेव्हा त्यानं पुन्हा नकाशा उघडला. आईच्या खोलीत दोन ठिपके होते. एक खाटेवर, श्वास एकोणीस. एक कोपऱ्यातल्या खुर्चीत, श्वास सोळा.

वृषाली शाळेत जादा तास घेत होती, मुलगी पुण्याला शिकत होती. पुढचं दार सकाळी नऊनंतर उघडलेलं नव्हतं, तशी नोंदच होती. भरतनं गाडी काढली. घर कारखान्यापासून पाच मिनिटांवर, ते त्यानं तीन मिनिटांत गाठलं.

दार उघडलं तेव्हा आत हलगी कडाडत होती. आईच्या खोलीतला स्पीकर मोठ्यानं वाजत होता. जुन्या कुस्त्यांच्या मैदानातलं निवेदन होतं ते, निवेदकाचा गळा बसलेला, पैलवानानं पट काढला, वर आला, कब्जा घेतला, मागे माणसांचा गलका. वडिलांना त्याचा नाद होता. ते गेल्यावर आईला सोबत म्हणून भरतनंच रोज पाच वाजता हे निवेदन लागेल अशी सोय केली होती. ते दिवसच तसे होते, काय करावं सुचत नव्हतं, म्हणून जे हातात आलं ते केलं. आईला कुस्ती आवडते का, हे त्यानं विचारलं नव्हतं.

अनुसयाबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, खुर्चीकडे तोंड करून. खुर्ची रिकामी होती. भरतनं हातातल्या मोबाइलकडे बघितलं. आता खोलीत तीन ठिपके होते. तो स्वतः दारात, आई खाटेवर, आणि खुर्चीतला, मिनिटाला सोळा.

आईनं ओठांवर बोट ठेवलं. "ऐकू दे त्यास्नी," ती म्हणाली. "आत्ताच लागलंय."

निवेदन संपेपर्यंत भरत उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मग आईनं त्याला सगळं सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तितक्या सहज. यंत्र बसवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. ती खुर्चीत बसली होती, पाच वाजले, स्पीकर मुकाच. ती पाणी प्यायला उठली आणि हलगी सुरू झाली. परत येऊन बसली, थोड्या वेळात बंद. उठली, सुरू. तीन दिवस तिनं करून बघितलं आणि मग तिला कळलं. खुर्ची त्यांची होती. त्यांना त्यांच्या जागेवर बसून ऐकायचं होतं आणि ही आपली जागा अडवून बसलेली. तेव्हापासून ती रोज पाचला उठायची आणि पाव तास खाटेवर बसायची.

"मला का सांगितलं नाहीस?" भरतनं विचारलं.

"काय सांगायचं? त्ये येत्यात, बसत्यात, ऐकत्यात. त्येंचा काय तरास हाय व्हय कुणाला?"

भरतनं वडिलांचा मंत्र आठवून एकच गोष्ट बदलली. रविवारी सकाळी खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली. आई तिच्यावर बसली आणि भरत दिवाणखान्यात गेला, तशी ती नकाशावर लगेच दिसली. पण कोपऱ्यातला ठिपका गेला नाही. जिथे खुर्चीही नव्हती, नुसती फरशी होती, तिथे जमिनीपासून दीड हातावर कोणीतरी बसून मिनिटाला सोळा श्वास घेत राहिलं. पंखा त्याच्यासाठी फिरत राहिला. अर्ध्या तासानं आईनं खुर्ची ओढत ओढत परत कोपऱ्यात नेली आणि तीत बसली. दोन्ही ठिपके विझले आणि पंखा थांबला.

सोमवारी नसरीन स्वतः आली. पंचविशीची, पाठीवर पिशवी, बोलायला चटपटीत. तिनं आईला नमस्कार केला, चहा नको म्हणाली, मग घेतला. खोलीत छोटं यंत्र फिरवून बघितलं, भरतनं सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि दिवाणखान्यात येऊन त्याला समजावलं.

"माणसाचं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी," ती म्हणाली. "वाय-फायच्या लहरी भिंतीतून जातात, पण पाण्यापाशी अडतात, वाकतात. छाती श्वासानं वर-खाली होते तेवढ्यानंही त्यांच्यात फरक पडतो. पण घरात कपाट असतं, फ्रिज असतो, पाण्याची टाकी असते. त्यातलं माणूस कोणतं हे कसं कळणार? म्हणून आधी रिकामं घर मोजून घ्यायचं. सगळ्यांनी बाहेर जायचं आणि बारा मिनिटं यंत्रानं एकटं राहायचं. मग आयुष्यभर तो एकच हिशेब: आत्ताच्या घरातून रिकामं घर वजा करायचं, उरेल तो माणूस."

"मग?"

"तुमच्या घराचं मोजमाप झालं तेव्हा त्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं. अगदी स्थिर. यंत्राला वाटलं हे घराचंच, भिंतीसारखं. म्हणून कोणी तिथं बसलं की वजाबाकी शून्य येते. आणि उठलं की काहीतरी कमी पडतं. यंत्राला कमी-जास्त कळत नाही, फरक तेवढा कळतो. फरक म्हणजे माणूस. श्वाससुद्धा त्या मोजमापात गेलाय, पंखा हलावा तसा खोलीचा नेहमीचा हलकावा म्हणून. तो नसला की त्याचा ठसा उलटा उमटतो. एखादं कपाट हलवलं तर दोन-तीन दिवसांत यंत्र नवी जागा मान्य करतं. ही जागा रोज भरते, रोज रिकामी होते, त्यामुळे त्याला शिकायला सवडच मिळाली नाही."

भरत म्हणाला, आम्ही सगळे बाहेर गेलो होतो. त्याला पक्कं आठवत होतं. वडील जाऊन वीस दिवस झाले होते, तो आणि वृषाली फाटकापाशी उभे होते.

नसरीननं त्याच्याकडे जरा कानकोंडी होऊन बघितलं. मोजमापाच्या वेळी गिऱ्हाइकाची संमती आवाजात नोंदवून ठेवतात, म्हणाली, आणि तिनं ती लावली. यंत्र बसवणाऱ्या माणसाचा आवाज आला, घरात आता कोणी नाही ना? त्यावर भरतचा आवाज: "कोणी नाही. आईच आहे तेवढी." त्या हलणार नाहीत ना, माणसानं विचारलं. "छ्या, ती कुठं हलतीय," भरतचा आवाज म्हणाला. मग एक कळ दाबल्याचा आवाज.

मराठी घरात हे वाक्य दिवसाला हजार वेळा बोललं जातं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. भरतलाही तेव्हा वाटलं नव्हतं. आता ते त्याच्याच आवाजात त्याच्याच दिवाणखान्यात वाजलं आणि त्याला मान वर करवेना.

नसरीननं पुढचं सांगितलं ते तिचं काम म्हणून. गेले चौदा महिने सकाळी नऊ ते पाच हे घर यंत्राच्या लेखी रिकामं होतं. मे महिन्यात पंखा बंद. दिवे बंद. स्वयंपाकघरात आई चहा करायला गेली तर गॅस चालायचा. पातेलं ठेवून खुर्चीत येऊन टेकली की पाच मिनिटांत विझायचा. आणि आग लागली तर अग्निशमन दलाला आत किती माणसं आहेत ते ही यंत्रणाच कळवते. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत मीटर पेटला होता तेव्हा बंबवाले आकडा बघून घरं ठरवत होते. तुमच्या घरावर त्यांना शून्य दिसलं असतं, ती म्हणाली.

वृषालीनं आत जाऊन सासूला विचारलं, पंखा बंद असायचा तर सांगायचं नाही का? अनुसयाबाई म्हणाल्या, यंत्रानं बंद केलाय म्हंजे कशासाठी तरी केला असंल. मी पदरानं वारा घेते की.

बंदच करून टाकू का हे सगळं, भरतनं विचारलं. करा, नसरीन म्हणाली, पण मग दिवसा त्या पडल्या-झडल्या तरी कोणाला कळणार नाही. त्यापेक्षा पुन्हा मोजू. बारा मिनिटांचं काम. फक्त या वेळी खरंच सगळे बाहेर हवेत, फाटकाच्याही पलीकडे. "आणि एक," ती हळू आवाजात म्हणाली, "नवं मोजमाप झालं की खुर्चीतलं ते जाईल. आईंना आधी सांगा."

पण गाडी उंबऱ्यातच अडली. अनुसयाबाई बाहेर यायला तयार होईनात.

त्यांच्याकडची रीत अशी, की नवरा गेलेल्या बाईचा दुखवटा तिच्या माहेरच्यांनी काढायचा. तेरावं झालं की भाऊ साडी घेऊन येतो, बहिणीला हात धरून उंबऱ्याबाहेर काढतो, आपल्या घरी जेवायला नेतो. तोवर ती बाहेर पडत नाही. बहुतेक घरांत हे पंधरवड्यात उरकतं. अनुसयाबाईंचा एकच भाऊ, घोसरवाडचे गुंडूमामा. वडील आजारी होते तेव्हा मामा फोनवर सांगत होते, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवा. भरतनं गावातच ठेवलं. स्मशानात मामा चारचौघांत म्हणाले, मिरजेला नेलं असतं तर माणूस हाताला लागला असता. भरत आधीच आतून तेच म्हणत होता, म्हणून त्याला ते सहन झालं नाही. पुन्हा आमचा उंबरा चढू नका, असं तो मामाला म्हणाला. मामानं शब्द पाळला. दुखवटा काढायला कोणी आलंच नाही, आणि चौदा महिन्यांत अनुसयाबाईंचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं. गोळ्या घरपोच यायच्या, भाजी आणायला बाहेर पडायचं त्यांना काही कारण नव्हतं, आणि घरातल्या कोणाच्या हे लक्षातही आलं नाही.

हल्ली हे कोण पाळतंय, भरत म्हणाला.

"मी पाळतेय असं न्हाई," आई म्हणाली. "कोण म्हणालंच न्हाई मला, चल म्हणून."

नसरीन, फोन करा म्हणून सांगून, निघून गेली. भरतनं त्या दिवशी कारखान्यात जायचं टाळलं. आठ दिवसांत स्पीकरसाठी तो या खोलीत जितक्या वेळा आला होता, तितका चौदा महिन्यांत आला नव्हता. हे त्याच्या मनात आलं आणि ते पुसता येईना. पाचला पाच मिनिटं कमी असताना आई खुर्चीतून उठली, गुडघे धरत खाटेवर येऊन बसली. तो तिच्याशेजारी बसला. पाच वाजले, हलगी सुरू झाली.

त्याला आता सगळं माहीत होतं. वजाबाकी, फरक, ठसा. तरी त्या रिकाम्या वेतावर त्याची नजर ठरत नव्हती. मोबाइलवर सोळाचा आकडा सावकाश लुकलुकत होता आणि कोणीतरी समाधानानं बसून ऐकतंय असंच वाटत होतं. निवेदक ओरडला, चितपट, आणि चाळीस वर्षांपूर्वीची माणसं उठून उभी राहिली.

भरतनं आईला सांगितलं. कसं सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून नसरीननं सांगितलं तसंच सांगितलं, पाण्यापासून. आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे त्ये न्हाईत ते," ती शेवटी म्हणाली.

"न्हाईत."

"मग कोण बसतंय?"

"तूच. तू नसतेस ती जागा."

अनुसयाबाई खुर्चीकडे बघत राहिल्या. चौदा महिने ज्याला जागा करून दिली, त्याच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर रडू येईल असं भरतला वाटलं, पण त्या थोड्या हसल्या, आणि ते त्याला जास्त जड गेलं.

"म्हंजे मी बसले की न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् उठून गेले की दिसते."

 भरत उठून अंगणात गेला आणि मामाचा नंबर काढून लावला.  मामानं फोन उचलला तेव्हा मागे म्हैस ओरडत होती. भरतनं पाऊसपाण्याचं काही विचारलं नाही.

"मामा, आईचा दुखवटा काढायचा राहिलाय."

 "उंबरा चढू नका म्हणालावतास तू," मामा म्हणाले.

"म्हणालो होतो. माझं चुकलं."

"मिरजेचं मीबी बोलाय नको होतं," मामा म्हणाले. मग घसा साफ करून, "उद्या धाला येतो. अक्काला सांग, आंघोळ करून बस म्हणावं."

मामा दहाला आले. बरोबर सून आणि शेंदरी काठाची हिरवी साडी. वृषालीनं सासूला ती नेसवली. मामा बहिणीपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. उंबऱ्यापाशी अनुसयाबाईंनी चौकट धरली. बाहेरचं ऊन इतकं होतं, की त्यांनी डोळे मिटून घेतले आणि भावाच्या हाताला धरून आंधळ्यासारखं पहिलं पाऊल टाकलं. गल्लीतल्या दोन-तीन बायका बाहेर आल्या. त्यांतली एक म्हणाली, अगं बया, तुम्ही इथंच हाय व्हय? आम्हाला वाटलं लेकीकडं गेलासा. अनुसयाबाईंना लेकच नव्हती.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी भरत आणि वृषाली फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. भरतनं नसरीनला फोन लावला. तिनं नेमानं विचारलं, घरात कोणी नाही ना? थांबा म्हणून तो परत आत गेला. स्वयंपाकघर, माडी, न्हाणीघर, आईची खोली. खुर्चीपाशी तो क्षणभर थांबला आणि वेतावरून हात फिरवून बघितला. मग बाहेर येऊन म्हणाला, कोणी नाही. बारा मिनिटं ते दोघे उन्हात उभे राहिले आणि बंद दाराकडे बघत राहिले.

काम चोख झालं. भरतनं आत जाऊन खुर्चीत बसून बघितलं. पंखा फिरला, स्पीकर जागा झाला. उठून बाहेर गेला, दोन्ही बंद. दहा वेळा करून बघितलं. कोपऱ्यात कोणी उरलं नव्हतं. सहावा स्पीकर आता बाकीच्या पाचांसारखाच गुणी झाला होता, आणि आठवड्याभरानं प्रथमच भरतला त्याच्या वडिलांना सांगावंसं वाटलं की बिघाड सापडला. त्यानं पाचच्या कुस्त्याही काढून टाकल्या. आई आली की तिलाच विचारू, काय लावायचं.

आई संध्याकाळी यायची होती. संध्याकाळी मामाचा फोन आला, अक्का राहते म्हणतीया. चार दिवस झाले, आठ झाले. रोज फोनवर ती बरी असायची. विहिरीपर्यंत चालत गेले, म्हणाली. मामाच्या सुनेला मागासाठी सुताची कांडी भरायची जुनी गोष्ट सांगितली, म्हणाली. भरत रोज ठरवायचा, उद्या आणायला जाऊ, आणि रोज कारखान्यात काहीतरी निघायचं.

पंधराव्या दिवशी दुपारी त्यानं काचेच्या खोलीतून तिला फोन केला आणि सरळच विचारलं, कधी येतेस? बिघाड पूर्ण गेलाय, आई. खुर्चीत बसलीस तरी आता दिसशील. मी स्वतः बघितलंय.

"दिसेन रे," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण बघाय कोण हाय घरात?"

भरतनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. काचेपलीकडे दीडशे माग चालले होते. त्याच्या हाताशी मोबाइलवरचा नकाशा उघडा होता. वृषाली शाळेत होती, तो इथे होता. घर रिकामं, असं त्यावर लिहिलं होतं, आणि या वेळी यंत्राची काही चूक नव्हती.